आवाजाची वाट

"मग घे ना मागे. त्यात एवढं तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे?" लसूण सोलता सोलता नवरा म्हणाला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसली होती. मांडीवर लॅपटॉप आणि हातात गार झालेला चहा. सुट्टीचा दिवस असून सकाळपासून तिने केसांतून फणीसुद्धा फिरवली नव्हती.

"मागे घेतलं की स्टेनोबाईंचं यंत्र परत मुकं होणार."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर ह्या सगळ्यांचे स्पीकर जळणार." तिने पडदा त्याच्याकडे वळवला. एकाखाली एक तक्रारी होत्या. आवाज करकरतोय. यंत्राची डावी बाजू तापतेय. परवापर्यंत उत्तम चालत होतं, कुणी हा उद्योग केला?

नवऱ्याने चष्मा कपाळावर ढकलून दोन ओळी वाचल्या आणि सोडून दिल्या. तो शहराच्या बससेवेत चालक होता. जगातल्या कुठल्याही अडचणीकडे तो स्टिअरिंगच्या मागून बघत असे. "एका प्रवाशासाठी अख्खी गाडी कुणी वळवत नाही," तो म्हणाला. मग सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकत पुटपुटला, "पण त्याला भर रस्त्यात उतरवूनही देता येत नाही म्हणा. विचार तुझ्या कर्नलसाहेबांना."

ह्या कर्नलसाहेबांचा लष्कराशी काही संबंध नव्हता.

वहिनी एका दुकानात कामाला होती. जुने लॅपटॉप विकत घ्यायचे, झाडूनपुसून, दुरुस्त करून पुन्हा विकायचे, असं ते दुकान. मालकापासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा कचेरीतून एकाच जातीच्या लॅपटॉपचा ढीग दुकानात आला, आणि त्यातल्या एकाही यंत्रातून आवाज फुटेना. मालक म्हणाला, सुटे भाग काढून घ्या आणि बाकीचं भंगारात टाका. वहिनीच्या मात्र डोक्यात किडा वळवळला. स्पीकर धड होते, तारा धड होत्या, मग माशी शिंकली कुठे?

दुकानात यंत्रांवर जी प्रणाली घालत ती फुकट आणि खुली होती. खुली म्हणजे तिच्या पोटात काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, चूक सापडली तर दुरुस्ती पाठवावी. तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. जगभरातली हजारो माणसं तो गाभा सांभाळतात, काही पगारावर आणि बरीचशी हौसेने. हा कर्नेल चालू होताना यंत्रालाच विचारतो, बाबा रे, तुझा स्पीकर कुठल्या तारेवर आहे? यंत्र सांगेल तिकडे तो आवाज पाठवतो. पण यंत्र बनवणाऱ्या कंपनीने घाईगर्दीत आत चुकीचंच लिहून ठेवलेलं असलं, तर आवाज जातो भलतीकडे आणि स्पीकर बसतो गप्प. अशा वेळी कर्नेलमध्ये एक ओळ घालावी लागते की ह्या अमुक यंत्राचं ऐकू नका, ह्याचा स्पीकर तमुक तारेवर आहे. वहिनी ह्याला यंत्राची खोड म्हणायची. "आज एकाची खोड मोडली," असं ती जेवताना सांगे, आणि नवऱ्याला कळे की आज स्वारी खुशीत आहे.

त्या ढिगासाठी तिने आयुष्यातली पहिली ओळ लिहून पाठवली. आवाजाचा विभाग सांभाळणाऱ्या माणसाने ती दोन-तीनदा परत धाडली. एकदा मोकळ्या जागा चुकल्या म्हणून, एकदा नुसतंच "कशावरून?" असं विचारून. शेवटी उत्तर आलं, "घेतलं. आभार." वहिनी नाचत घरी आली. "अहो, कर्नेलमध्ये माझी ओळ गेली!"

"कर्नल? मिलिटरीत?" नवरा म्हणाला. तेव्हापासून तो कधी न पाहिलेला माणूस ह्या घरात कर्नलसाहेब झाला. तो कुठे राहतो, वय काय, कुणाला ठाऊक नव्हतं. पण वहिनीच्या मनात तो ताठ पाठीने बसलेला, मितभाषी, जेवणानंतर स्वतःचं ताट स्वतः विसळणारा असा कुणीतरी होता.

नवऱ्याची पहाटपाळी असायची. तो गेल्यापासून दुकान उघडेपर्यंतचा वेळ वहिनीचा स्वतःचा. त्या वेळात ती अशा यंत्रांच्या खोडी मोडत बसे जी तिने कधी पाहिली नव्हती आणि पाहणारही नव्हती. कुणाचा माइक, कुणाचा हेडफोन, कुणाचा एकच स्पीकर. दुरुस्ती झाल्यावर कुणी आभार मानत, बहुतेक मानत नसत. आवाज आला की तो कधीकाळी नव्हता हेच लोक विसरतात. वहिनीला त्याचं काही वाटत नसे. नळाला पाणी आल्यावर प्लंबरची आठवण कोण काढतं?

स्टेनोबाईंचं पत्र मात्र तिच्या मनात रुतून बसलं होतं.

बाई कोर्टात स्टेनो होत्या. नोकरीत असतानाच नजर हळूहळू विझत गेली. पण बोटं शाबूत होती आणि कान तर त्याहून. निवृत्तीनंतर त्या घरी बसून बैठकांच्या, भाषणांच्या ध्वनिफिती ऐकत आणि टाइप करून देत. पडद्यावरचं सगळं यंत्र त्यांना वाचून दाखवी. जुना लॅपटॉप बिघडला म्हणून नवा घेतला, आणि तो निघाला मुका. हेडफोन लावला तर चाले. बाईंनी लिहिलं होतं, "कानांत बोंडं घातली की काम होतं, पण मग मला घर दिसत नाही. आई पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आहे. तिने कूस बदलली तरी मला कळायला हवं." बाहेरून जोडायचा स्पीकरही त्यांनी आणून पाहिला होता. पण त्यांचं यंत्र एका जागी थोडंच राहणार? स्वयंपाकाच्या ओट्यापासून आईच्या उशापर्यंत ते त्यांच्या काखेत हिंडे. एक दिवस त्या स्पीकरची तार पायात आली आणि बाई तोंडावर पडल्या.

वहिनीने त्या यंत्राचा पिच्छाच पुरवला. बाईंकडून एकेक माहिती मागवायची, अंदाज बांधायचा, दुरुस्ती पाठवायची, पुन्हा नन्नाचा पाढा. अखेर एका सकाळी बाईंचा फोन आला. बाई बोलल्याच नाहीत. त्यांनी फोन लॅपटॉपजवळ धरला आणि पलीकडून एक यांत्रिक आवाज तारीख-वार वाचत राहिला. वहिनीचे डोळे भरून आले होते. ती ओळ कर्नेलमध्ये गेली, यथावकाश सगळ्या जगात गेली.

आणि आता ह्या तक्रारी. त्याच कंपनीने आणखी एक लॅपटॉप काढला होता. त्यात आवाज वाढवणारी चिप एकच होती, बाईंच्यात दोन. कंपनीने मात्र दोन्ही यंत्रांना ओळख क्रमांक दिला होता एकच. वहिनीची ओळ भाबडेपणाने दोघांनाही लागू झाली, आणि एका चिपेवर दोघींचा भार पडला.

कर्नलसाहेबांचं पत्र नेहमीसारखं त्रोटक होतं. "ज्याचं चालत होतं त्याचं बिघडता कामा नये, हा आपला पहिला नियम. तुम्हाला तो माहीत आहे. तुम्ही मागे घेता की मी घेऊ?"

"मीच घेते," वहिनी पडद्याला म्हणाली. तिने आपल्या हाताने आपली ओळ खोडली, खाली कारण लिहिलं, चूक माझी असं लिहिलं आणि पाठवून दिलं. मग उठून फणी घेतली, केस विंचरले, आणि बाईंना फोन लावला.

सगळं ऐकून घेतल्यावर बाई म्हणाल्या, "म्हणजे पुढचं अपडेट घेतलं की बंद."

"हो. तुम्ही सध्या अपडेट घेऊच नका."

"असं किती दिवस घ्यायचं नाही?"

"बाई, मी असं करते. तुमच्यापुरता वेगळा कर्नेल बनवून देते. नवीन काही आलं की पुन्हा बनवीन. मला फार वेळ नाही लागत."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर? गावाला गेलात तर?"

"नाही हो, मी..."

"रागावू नका," बाई म्हणाल्या. "तुमचा स्वभाव मला कळतो. पण दळण आणायला शेजारीण, बँकेत जायला भाचा, औषधाच्या बाटलीवरचं वाचायला आणखी कुणी. ही एक गोष्ट अशी होती की चालू केली की कुणाला न विचारता चालायची. मला माझ्यापुरतं वेगळं नको. सगळ्यांना जसं आपोआप येतं तसं येऊ दे. नाही आलं तर राहू दे."

"मी तुमच्याकडे येते," वहिनी एकदम म्हणाली. "यंत्र हातात घेतल्याशिवाय मला कळायचं नाही."

पुढच्या सुट्टीला ती निघाली. तातडीचं म्हणून ओळ मागे घेतल्याचं अपडेट तोवर आलं होतं, आणि बाईंनी ते सगळ्यांसारखं घेऊनही टाकलं होतं. नवराही निघाला. एकटीने एवढं लांब कशाला, असं म्हणाला, पण खरं म्हणजे त्यालाही त्या बाईंना पाहायचं होतं. बसमध्ये तो सारा वेळ चालकावर नजर ठेवून होता. "क्लच बघ कसा दाबतोय, जसं काही झुरळ मारतोय," असं म्हणून त्याने वाटभर वहिनीला छळलं.

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. उंच, सडपातळ बाई, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "या. खुर्ची सरकवलीत तर उठताना जागेवर ठेवा, म्हणजे झालं." घरात एक वस्तू इकडची तिकडे नव्हती. टेबलाच्या कडेला कोपर लागून लागून रंग उडाला होता आणि भिंतीवर कमरेच्या उंचीला हाताच्या स्पर्शाने एक गुळगुळीत पट्टा उमटला होता. तो पट्टा स्वयंपाकघरातून निघून आईच्या खोलीच्या दाराशी संपत होता.

आई उशीला टेकून बसलेल्या होत्या. अंगाने मूठभर, जीभ मात्र तल्लख. त्यांनी नवऱ्याला जवळ बोलावून घेतलं. "तुम्ही काय करता?"

"बस चालवतो."

"मग एवढे वाळलेले कसे? बसून तर असता." मग दारातून दिसणाऱ्या लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही पेटी छान बोलायची. आम्ही दोघी बातम्या ऐकायचो. मी म्हणायची, सरकार चुकलं, आणि ही म्हणायची, गप्प बस, पुढचं ऐकू दे. आता पेटी रुसलीय तर भांडायला विषयच नाही."

नवरा हसला आणि पलंगाजवळच स्टूल ओढून बसला. बाई बाहेरच्या खोलीतून ओरडल्या, "स्टूल जागेवर ठेवा हं!"

वहिनीने टेबलावर रुमाल पसरून लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, झाकण उचललं. इतक्या दिवसांत ज्याच्या खोडीपायी तिचं डोकं उठलं होतं ते यंत्र असं होतं तर. दोन्ही कडांना दोन चिपा तिला दिसल्या. पण दिसून काय उपयोग? कर्नेलला डोळे नसतात. ह्या यंत्रात दोन आहेत आणि त्या यंत्रात एक, हे त्याने ओळखायचं कसं? क्रमांक तर एकच.

तिने झाकण लावलं, बरोबर आणलेला जुना, दुरुस्तीवाला कर्नेल तात्पुरता घातला आणि यंत्र चालू केलं. आवाज आला. आतल्या खोलीतून आई म्हणाल्या, "आली बघ!" वहिनीने पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. त्या इतका वेळ मांडीवर हात ठेवून शेजारी बसल्या होत्या. "बोलायला लागण्याआधी हे दोनदा टिक करतं. आधी डावीकडे, मग जरा थांबून उजवीकडे. ते काय असतं?"

"टिक? मला नाही आलं ऐकू."

"बारीक आहे. लावा परत. आता बोलू नका कुणी."

नवरा आणि आई गप्प झाले. वहिनीने स्पीकरच्या जाळीला कान लावला. खरंच होतं. नखाने काचेला हलकेच टिचकी मारावी तसं डावीकडे एकदा, आणि मग उजवीकडे.

वहिनी सरळ झाली. टिक म्हणजे चिप जागी होण्याचा आवाज. दोघी एकदम जाग्या होत नव्हत्या, एकेक करून होत होत्या. म्हणजे दोघींना हाक मारायची वाट वेगळी होती. मग आधीच वीज का सोडायची? दुसऱ्या चिपेला नुसती हाक मारून बघायची. तिने ओ दिली तरच तिला जागं करायचं. ओ आली नाही तर समजायचं की ह्या घरात दुसरं कुणी राहत नाही, आणि आल्या पावली परत फिरायचं.

"बाई," ती म्हणाली, आणि तिने त्यांचा हात दाबला.

"सापडलं?"

"वाटतंय तरी. अजून त्या बाकीच्या लोकांकडून तपासून घ्यावं लागेल. वेळ लागेल."

"लागू दे ना. कोर्टात जन्म गेला माझा. तारखा पडायची सवय आहे मला," बाई म्हणाल्या.

निघताना, बाईंच्या सांगण्यावरून तो तात्पुरता कर्नेल काढून टाकल्यावर, वहिनीने विचारलं की अशा दुरुस्तीखाली, ज्याने चूक कळवली आणि ज्याने तपासून पाहिली त्याचं नाव लिहायची पद्धत आहे, तर लिहू का? "आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं टिपलं मी. खाली सही नेहमी साहेबांची," बाई म्हणाल्या. मग आपलं पूर्ण नाव त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, ऱ्हस्व-दीर्घासकट, आणि वहिनीकडून परत म्हणून घेतलं.

वेळ लागलाच. वहिनीने नवी दुरुस्ती लिहून पाठवली. कर्नलसाहेब ह्या वेळी भलतेच ताठर झाले होते. तक्रार केलेल्यांपैकी किमान दोघांनी तपासून हो म्हटल्याशिवाय हात लावणार नाही, असं त्यांनी कळवलं. त्यातला एकजण तर असा चिडलेला होता की तुमच्या हातचं काही माझ्या यंत्रात घालणार नाही म्हणाला. वहिनीने त्याला उत्तरादाखल भांडण लिहिलं, खोडलं, आणि दुसरं लिहिलं. काय झालं होतं, का झालं होतं, कुणासाठी केलं होतं, एवढंच. आठवडा गेला. मग त्याच माणसाचं एका ओळीचं पत्र आलं, "तपासलं. तापत नाही, करकरत नाही. त्या बाईंना नमस्कार सांगा." दुसऱ्याचाही होकार आला. कर्नलसाहेबांनी एक शब्द बदलायला लावला, एक मोकळी ओळ काढायला लावली. आणि मग, "घेतलं. आभार." आणि त्याखाली, आजवर कधी नव्हे ते, आणखी एक वाक्य होतं, "चांगलं शोधलंत."

"कर्नलसाहेबांनी शाबासकी दिली," वहिनीने सांगितलं.

"मेडल नाही पाठवलं?" नवरा म्हणाला. पण डेपोत त्याने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली असावी, कारण पुढच्या आठवड्यात त्याचे दोन सहकारी आपापले बिघडलेले लॅपटॉप घेऊन दारात उभे होते.

घेतलं म्हणजे लगेच पोचलं असं नसतं. ओळ वरून खाली झिरपत, टप्प्याटप्प्याने, ज्याच्या त्याच्या यंत्रापर्यंत जाते. मधल्या दिवसांत वहिनीने बाईंना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा बाई थोडक्यात बोलल्या, ठीक आहे, वाट पाहतेय म्हणाल्या. कामात असतील, असं वहिनीला वाटलं.

मग एका दुपारी, ती दुकानात एका यंत्राचा कीबोर्ड उपसत असताना, फोन वाजला.

"आलं," स्टेनोबाई म्हणाल्या.

"काय आलं?"

"आवाज. सकाळी अपडेट घेतलं, बंद करून चालू केलं. कुणाला बोलावलं नाही, काही केलं नाही. आपलं आपण बोलायला लागलं."

वहिनीने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. तिला हसू फुटलं. "आईंना ऐकवलंत? काय म्हणाल्या?"

पलीकडे खुर्ची जागेवर सरकवल्याचा आवाज आला.

"आई गेली गं," बाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच तिला एकेरी बोलत होत्या. "तुझी दुरुस्ती तिकडे तपासत होते ना, तेव्हाच. झोपेतच गेली."

वहिनी मागच्या खोक्यावर बसली. "मी फोन केला होता. मला बोलला नाहीत काही."

"आधी सांगितलं असतं की ती खालावलीय, तर तू घाई केली असतीस. घाईत पुन्हा कुणाचं तरी बिघडलं असतं. आणि नंतर सांगितलं असतं, तर तुला वाटलं असतं, आता कशाला. मला तर हवंच होतं."

दुकानात मालक कुणाशी तरी भाव करत होता. वहिनीने दुसऱ्या कानावर हात ठेवला. ह्या बाईंशी उगाच काहीतरी बोलून चालणार नाही, एवढं तिला कळत होतं.

"नीट येतंय ना?" तिने शेवटी विचारलं. "दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून. फक्त फार मोठ्याने बोलत होतं. आवाज पलीकडच्या खोलीत जावा म्हणून मागे मीच वाढवून ठेवला होता. आता कमी केलाय. मला एकटीला एवढा पुरतो."

"ऐकू द्या ना मला," वहिनी म्हणाली.

बाईंनी फोन जवळ नेला असावा. आधी नुसती खरखर आली, मग तो सपाट, न थकणारा आवाज, अगदी हळू. तो बातम्या वाचत होता. कुठेसा पूल पुरा झाला होता, कुठेशी मागणी फेटाळली होती. त्यावर कुणी काही बोललं नाही. बातमीमागून बातमी संपत गेली, आणि सगळं वाचून होईपर्यंत दोघींपैकी कुणीही फोन ठेवला नाही.